ज्याचं दार, त्याची देखभाल

या व्यवहारात मला काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी शोधत बसायला नको. तीन माणसं. आठवड्यातून एकदा, रविवारी, कळंब ते तुळजापूर जाऊन-येऊन साधारण चार तास. त्यातून डुलक्यांचा आणि हॉर्नचा वेळ वजा केला तरी बोलायला म्हणून निव्वळ अडीच तास उरत होते. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. त्यांत अडीच म्हणजे काही फार नव्हे. पण एकट्या राहणाऱ्या सहकारी लेखापरीक्षकाला याहून बरा भाव कुठं मिळत नाही. लेखापरीक्षक दारात आला की लोक खुर्ची देतात, दप्तर देतात, चहा देतात. गप्पा तेवढ्या देत नाहीत.

बाकीच्या तिघांचंही सांगतो. शांतलिंग आप्पांचं मोंढ्यात भुसार अडतीचं दुकान. दुकानासमोर मोटार उभी दिसली की मागून येणारी बैलगाडी आपोआप तिथंच थांबते, असं त्यांचं गणित. व्यंकटराव एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. अकरा वर्षं कळंब–ईट मुक्कामी गाडी चालवलेल्या माणसानं निवृत्तीनंतर हात कुठं ठेवावेत, असा त्यांच्या घरी प्रश्न पडला होता; जेवताना ते ताटसुद्धा डावीकडून उजवीकडं फिरवायचे. चौथे बलभीम ओव्हाळ सर, हायस्कुलात विज्ञान शिकवणारे. त्यांच्या पत्नी कमलताई सरकारी दवाखान्यात नर्स. आडगावच्या पोरांना लस टोचायला त्यांना एसटीनं जावं लागे, आणि एसटी जिथं सोडील तिथून पुढं पायी. अडीनडीला गाडी मिळावी, हा सरांचा हिशेब. तिघांचेही हिशेब माझ्यापेक्षा बरे होते, कारण ते मोठ्यानं सांगता येत होते.

गाडी परदेशी होती. दिल्लीत कुठल्याशा वकिलातीनं वापरून टाकलेली, आणि तिथल्या लिलावात आमच्याकडच्या एका सूतगिरणीच्या अध्यक्षांनी घेतलेली. गिरणीतून सूत निघायच्या आधी अध्यक्ष दौऱ्यावर निघाले. दौरे संपले तेव्हा गिरणीही संपली होती. मग अवसायक नेमला गेला. बुडालेल्या संस्थेची भांडीकुंडी विकायला सरकार जो अधिकारी बसवतं, त्याला आमच्या खात्यात अवसायक म्हणतात. त्यानं यंत्रं विकली, पंखे विकले, शेवटी गाडी काढली. सत्त्याऐंशी साल, लागून दुसरा दुष्काळ. घेणारं कोण होतं? आम्ही चौघांनी मिळून घेतली.

आता चार माणसं मिळून काही घेतात, त्यांत एक मी असतो, आणि त्याला पोटनियम नसतात, हे होणं नव्हतं. मी अकरा पोटनियम लिहिले. त्यातला चौथा मला फार आवडायचा: "गाडीस दारे चार, भागीदार चार. तस्मात प्रत्येकाकडे एक दार राहील. ज्याचे दार, त्याची देखभाल. काच, कडी व खिट्टी धरून." ड्रायव्हरकडचं दार व्यंकटरावांना, कारण चालवता त्यांनाच येत होतं. त्यांच्या शेजारचं आप्पांना, कारण आप्पा मागं बसत नाहीत. ड्रायव्हरच्या मागचं सरांना. मागचं डावं मला.

उभ्या नोकरीत एवढा स्वच्छ नियम मी पाहिला नव्हता. त्यात एकच चूक होती. या गाडीची चार दारं चार नव्हतीच. व्यंकटरावांच्या दाराला किल्ली फिरवली की चारी दारांच्या खिट्ट्या एकदम खाली बसायच्या. खट्! विजेचा संबंध नाही, दोरी नाही. गिरणीचे लोक त्याला सेंट्रल लॉकिंग म्हणत. सरांनी समजावून सांगितलं, की इंजिन हवा ओढून घेतं, ती ओढ एका डब्यात साठते, आणि बारीक नळ्यांतून प्रत्येक दारात पोचून खिट्टी खाली खेचते.

"म्हंजे गाडी श्वास ओढती म्हणा की," आप्पा म्हणाले.

गाडी आप्पांच्या दुकानासमोर उभी राहू लागली. तूर घेऊन आलेले शेतकरी भाव विचारायच्या आधी म्हणायचे, "आप्पा, एकदा वाजवा की." आप्पा किल्ली फिरवायचे. खट्! मग पुन्हा उघडायचे. पुन्हा खट्! दिवसातून पन्नास वेळा. रविवारच्या फेऱ्या मात्र चारच झाल्या. पाचव्या रविवारी आप्पांकडं मोजमाप निघालं, सहाव्याला सरांकडं पेपर तपासायला आले, आणि सातव्या रविवारी मी इस्त्रीचा सदरा घालून अकरा वाजेपर्यंत ओट्यावर बसलो, तेव्हा आज जायचं नाही हे मला कळवायचं राहून गेलंय असं मला समोरच्या किराणावाल्याकडून कळलं.

आणि मार्चमध्ये कुलूप बिघडलं.

बिघाड असा, की गाडी उभी असली की दारं बंद व्हायचीच नाहीत. किल्ली फिरवा, नाही तर नवस बोला, खिट्ट्या वर त्या वर. इंजिन चालू असलं तर मात्र सावकाश, नाइलाजानं खाली बसायच्या. इंजिन बंद केलं की पुन्हा फुसकन सुटायच्या. उघडी गाडी मोंढ्यात ठेवायची कशी? पहिल्याच रात्री तिच्यात एक हमाल झोपला, आणि सकाळी आप्पांनी हटकलं तर म्हणाला, "दार उघडं व्हतं, मला वाटलं धर्मशाळा हाय."

आमच्यापैकी कंपाउंड आणि फाटकाला कुलूप असं फक्त माझ्या घराला होतं. म्हणून ठराव झाला: "कुलूप दुरुस्त होईपर्यंत गाडी ऑडिटरसाहेबांच्या अंगणात राहील, व दुरुस्ती तेथेच, घरच्या घरी, ज्याची त्याने करावी. दुरुस्ती झाल्यावर गाडी पूर्ववत आप्पांच्या दुकानासमोर लावावी." दुरुस्तीचा निमंत्रक मी. ठराव माझ्याच हातचा आहे, अक्षर ओळखू येतं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिघंही आले, आपापल्या दारासाठी. मी चहा टाकला आणि लक्षात आलं की घरात कप दोनच बाहेर आहेत, बाकीचे ट्रंकेत. हिच्या जाण्याला तीन वर्षं झाली होती. ट्रंकेचं कुलूप गंजलेलं निघालं, पण ते मी सहा मिनिटांत दुरुस्त केलं. हे मुद्दाम सांगतो. कुलपं मला दुरुस्त करता येतात.

त्या संध्याकाळपासून आमच्या अंगणात दुरुस्तीचा जो कारभार सुरू झाला, तो पाहून कुठल्याही सहकारी संस्थेला आपण एकटे नाही असं वाटलं असतं. चौघंही आपापल्या दाराशी उभे, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: माझं दार ठीक आहे, दोष तुमच्यात आहे. आप्पांनी आपल्या दाराच्या भोकात पावशेर करडईचं तेल ओतलं.

"घाण्याचं हाय, ताजं. ह्यानं गुडघं सुटत्यात, खिट्टी काय चीज हाय?"

खिट्टी सुटली नाही. पण दोन दिवसांत धूळ बसून तिथं लेप तयार झाला, आणि ऊन तापलं की त्या दारातून भज्यांचा वास यायला लागला. लोक फाटकाशी थांबून विचारायचे, "साहेब, आज काही कार्यक्रम?"

सरांनी आपल्या दाराची आतली पुठ्ठ्याची झाकणी उघडली. उघडताना तिचे सात चाप तुटले. लावताना नऊ स्क्रू उरले. सर म्हणाले, "विज्ञानात काही गोष्टी अनावश्यक असतात." ते स्क्रू मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवले.

व्यंकटरावांचा भरवसा टॉमीवर. एसटीच्या चाकांचे नट सोडवायचा तो लोखंडी दांडका निवृत्तीच्या दिवशी त्यांनी आठवण म्हणून आणला होता. "यंत्राला दोन भाषा कळत्यात. एक तेल, एक टॉमी. तेल झालं. आता मला येऊ द्या."

"व्यंकटराव, थांबा, आधी निदान झालं पाहिजे," सर म्हणायचे.

"निदान तुम्ही करा. म्या तोवर ठोकतो."

"आणि साहेब, तुमचं दार तपासलं का?" आप्पांनी एकदा विचारलं.

"माझ्या दाराचा शेरा मी पहिल्याच दिवशी दिलाय. समाधानकारक." लेखापरीक्षकाच्या शेऱ्यापुढं कळंब तालुक्यात कुणी बोलत नाही.

मग आजूबाजूचे लोक यायला लागले. एकाचं म्हणणं नजर लागली. एकाचं म्हणणं, वकिलातीची गाडी म्हणजे तिच्यात हेरगिरीचं यंत्र असणार, ते बाजारात बोललेलं ऐकतंय. टँकर आला की सगळे घागरी घेऊन पळायचे, आणि पाणी भरून झालं की अर्धं वाक्य पुन्हा तिथूनच पुढं. सहा कपांचा चहा नऊ कपांवर गेला. मी साखर जास्त आणायला लागलो, तेव्हा किराणावाल्यानं डोळा मारून विचारलं, "पाहुणे?" मी म्हणालो, "हो." बऱ्याच वर्षांनी खरं उत्तर द्यायला मिळालं.

सरांना नळ्यांचा नकाशा हवा होता. गाडीबरोबर एक माहितीपुस्तक असतं, ते गिरणीच्या दप्तरात असणार. मी अवसायकाच्या कार्यालयाला तीन प्रतींत अर्ज केला. उत्तर आलं: गाडी विकली आहे, पुस्तक विकलेलं नाही. पुस्तक 'ग्रंथालय' या सदराखाली येत असून त्याची विल्हेवाट स्वतंत्रपणे होईल. मी संतापून उस्मानाबादला गेलो. तिथल्या क्लार्कनं शांतपणे फाईल उघडली आणि बोट ठेवलं. सहा वर्षांपूर्वीच्या तपासणीत कुणीतरी लाल शाईनं लिहिलं होतं: "संस्थेची पुस्तके इतर मालमत्तेबरोबर विकू नयेत. स्वतंत्र नोंद ठेवावी." खाली सही माझी होती.

"शेरा लई पक्का हाय साहेब," क्लार्क म्हणाला. "कुणाचा का असंना."

शेवटी पुस्तक 'फक्त पाहण्याची' परवानगी मिळाली; एक तास, त्यांच्या समोर, पानं तेच उलटणार. पुस्तक जर्मनमध्ये होतं. पण चित्राला भाषा नसते. मी नळ्यांचा नकाशा उतरवून आणला, सरांनी तो ओट्यावर पसरला, आणि त्याच्यावरून पुढचे आठ दिवस अशी चर्चा झाली की चहात आलं घालावं लागलं.

त्या नकाशात एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी दिसली होती. चारी नळ्या एकाच डब्यातून निघत होत्या. म्हणजे एका दारात गळती असली की चारी दारं लुळी. तिघांची दारं उघडून पाहून झाली होती. राहिलं होतं ते 'समाधानकारक'.

रामनवमीच्या दुपारी सगळे आपापल्या घरी पुरणपोळी खाऊन आडवे झाले होते. माझ्या घरी पुरण नव्हतं, त्यामुळं मला झोपही नव्हती. उलथन्यानं मी माझ्या दाराची झाकणी सोडवली. आत कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढ्या रबराच्या तुकड्याला उभी चीर गेली होती. बस्स. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घरात होती. इंचभर कापली, बसवली. इंजिन सुरू करून बंद करण्याइतकं मला येत होतं. मग बाहेर येऊन व्यंकटरावांच्या दाराला किल्ली फिरवली.

खट्!

चारी दारं एकदम. तीन वर्षांत त्या अंगणात एवढा एकमुखी होकार मला मिळाला नव्हता. मी पुन्हा उघडली, पुन्हा लावली. आप्पा का वाजवायचे ते कळलं. मग मी माझ्या जागेवर, मागं डावीकडं, जाऊन बसलो. पुढच्या दोन जागा रिकाम्या, शेजारची रिकामी. आज संध्याकाळी पाचला तिघं येतील. मी खट् करून दाखवीन. वाहवा होईल. सव्वापाचला गाडी आप्पांच्या दुकानासमोर. साडेपाचला मी काय करीन?

साडेपाचचा विचार मी बराच वेळ केला. साडेचारला नळी काढली, आत लोंबू नये म्हणून दोऱ्यानं बाजूला बांधली, झाकणी लावली आणि चहाला आधण ठेवलं.

लोकांच्या दप्तरात मी आयुष्यभर असल्या गाठी शोधल्या. पैशाची असो, धान्याची असो, गाठ मारणारा माणूस प्रत्येक वेळी म्हणायचा, "साहेब, थोड्याच दिवसांसाठी होतं."

पुढचे सोळा दिवस बरे गेले. त्यातल्या नवव्या दिवशी सरांचा धीर सुटला आणि ते म्हणाले, "मारा व्यंकटराव." व्यंकटरावांनी स्वतःच्या दाराला टॉमीचे तीन टोले दिले. त्यानं एवढंच झालं की त्यांची खिट्टी ढिली झाली. दार जोरात आपटलं की आपली आपण खाली बसायची. "बगा, हलली की न्हाय?" ते म्हणाले. सगळ्यांनी मान्य केलं की प्रगती आहे. निमंत्रक म्हणून मीही केलं.

ते सोळा दिवस सरल्यावर, गुरुवारी, कमलताईंनी गाडी मागितली. खडकेवाडीला लसीकरण होतं. बर्फाचा कारखाना पाण्यावाचून बंद, लस थंड ठेवायला दवाखान्यात मिळाला तो थर्मासच्या तळाशी मूठभर बर्फ. एसटीनं जाऊन पुढं दोन मैल चालायचं म्हणजे पाणीच न्यायचं. "दोन तास टिकेल," त्या म्हणाल्या, "गाडीनं गेलं तर जमेल." व्यंकटराव तयार झाले. सरांना शाळा, आप्पांना बाजार. मी त्या दिवशी किरकोळ रजा काढली. गाडीत माणसं बसणार होती.

खडकेवाडी व्यंकटरावांच्या जुन्या ईटच्या रस्त्याला लागून. गाडी पाराशी थांबली तशी दोघं-तिघं पिशव्या घेऊन धावत आले. "व्यंकटराव, ईटला जाती का?"

"ही एसटी न्हाय रं बाबा, म्होटर हाय!"

"मग तुमी कसं काय?"

शाळेच्या व्हरांड्यात बायका पोरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वस्त्यांवरून आलेल्या, मी मोजल्या, एकतीस. कमलताई आधी नावं लिहून घ्यायला आणि वजनं करायला गेल्या. "थर्मास गाडीतच सावलीला राहू द्या, मी हाक मारते." व्यंकटराव उतरले. एसटीच्या ड्रायव्हरनं थांब्यावर इंजिन बंद करायचं नसतं. पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते. अकरा वर्षांची सवय. मी उतरलो. व्यंकटरावांनी मागं न बघता, एसटीचं दार लावतात तसं, दार आपटलं.

ढिली खिट्टी खाली बसली. तिच्यामागं, सावकाश, नाइलाजानं, तिन्ही बसल्या. आत इंजिन घुरघुरत होतं, किल्ली लटकत होती आणि पुढच्या सीटवर थर्मास होता. काचा धुळीसाठी वर चढवलेल्या.

"दोन मिंटांत उघडतो," व्यंकटराव म्हणाले. त्यांनी तार मागवली. तारेनं जमेना तेव्हा पट्टी मागवली. गाव जमलं. कुणी म्हणालं, पेट्रोल संपलं की बंद पडंल आन् उघडंल. टाकी आदल्या दिवशीच भरलेली. सावली सरकली आणि ऊन काचेतून सीटवर आलं.

"काच फोडावी का साहेब?" अर्ध्या तासानं त्यांनी हळूच विचारलं.

"कुणाची?" मी म्हणालो.

हा प्रश्न बरोबर होता. चौथा पोटनियम. काच ज्याची त्याची. त्यांची ते फोडायला तयार नव्हते. आप्पांची फोडली तर आप्पा बोलणार. सर हजर नाहीत. आणि माझी? माझी म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण काच फुटली की तुकडे दारात पडतात. तुकडे काढायला झाकणी उघडावी लागते. झाकणीच्या आत दोरा होता.

"पोटनियम पाहावा लागेल," मी म्हणालो.

व्यंकटराव पुन्हा तारेकडं वळले. मला वाटतं आणखी पाऊण तास गेला. मी पाराच्या सावलीत उभा होतो, आणि आजूबाजूला पन्नास माणसं होती.

"व्यंकटराव, थर्मास आणा!" आतून हाक आली. दुसरी आली. मग कमलताई स्वतः आल्या. त्यांनी गाडीकडं पाहिलं, थर्मासवरच्या उन्हाकडं पाहिलं.

"किती वेळ झाला?"

"आता उघडतंय सिस्टर, दोन मिंटं—"

"साहेब?"

मी घड्याळ पाहिलं. खोटं बोलायची जागा घड्याळात नव्हती. "सव्वा तास."

त्यांनी पाराचा सुटलेला दगड उचलला आणि सरांच्या दाराशी गेल्या.

"सिस्टर, सरांची परवानगी—"

"सरांचं दार म्हणजे माझं," त्या म्हणाल्या आणि दगड घातला.

थर्मासमध्ये कोमट पाणी होतं. त्यांनी आतल्या लसीच्या बाटल्या हातात धरल्या, गालाला लावून पाहिल्या, आणि शाळेमागं नेऊन सगळ्या फोडल्या. मग व्हरांड्यात जाऊन सांगितलं की आज होत नाही, पुढच्या गुरुवारी या.

सिताबाई म्हणून एक होती, मांडीवर पोर, पदरानं त्याला वारा घालत होती. ती उठली नाही. "नर्सबाई, म्या रोजगार हमीचा खाडा करून आले की वं. दोन मैल. पुढल्या बेस्तरवारी मुकादम सोडंल का मला?"

"मी चिठ्ठी देते त्याला."

"आन् औषिद का टाकलं? थोडं गरम झालं तर काय हुतंय?"

"काम करत नाही मग ते. टोचल्यासारखं दिसतं, पण काम करत नाही."

सिताबाईनं गाडीकडं पाहिलं. इंजिन चालूच होतं. "लई मोठी गाडी हाय," ती म्हणाली, पोर खांद्यावर टाकलं आणि उन्हात निघाली. तिच्यामागं बाकीच्या.

संध्याकाळी पाच वाजता सगळे आमच्या अंगणात होते. सभा. सरांची काच फुटलेली, आणि पोटनियमाप्रमाणं ती सरांनीच भरायची, याबद्दल आप्पा ठाम होते. "नियम म्हंजे नियम. साहेबांनी लिवलाय." व्यंकटराव मान खाली घालून बसले होते; माझ्याच टॉमीनं घात केला, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी इतिवृत्त लिहायला घेतलं. बिघाडाचं कारण, असं लिहिलं आणि लेखणी तिथंच राहिली.

फाटक वाजलं. कमलताई आल्या, गळ्यात दवाखान्याची नळी, ती छातीला लावून ठोके ऐकतात ती.

"इंजिन चालू करा."

व्यंकटरावांनी केलं. कमलताईंनी कानात नळी घातली आणि पहिल्या दाराला टोक लावलं. ऐकलं. आप्पांच्या दाराला लावलं, तेल पुसून पुन्हा लावलं. सरांच्या. मग माझ्याकडं आल्या. तिथं बराच वेळ थांबल्या.

"इथं फुसफुस आहे," त्या म्हणाल्या. "उलथनं आणा."

मी उलथनं आणून दिलं. झाकणी सुटली. त्यांनी हात आत घातला, आणि बोटांनी काय सापडलं ते न बघता कळल्यासारख्या थांबल्या. मी इतिवृत्ताकडं पाहत होतो. टोक मोडलं होतं की शाई संपली होती, आठवत नाही.

"सापडलं," त्या म्हणाल्या. "नळी निसटलीय. साधी निसटलीय." पर्समधून सलाईनच्या नळीचा तुकडा काढून त्यांनी आत बसवला. किल्ली फिरवली.

खट्!

आप्पांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "मी म्हणत होतो की नाही, गळती एकाच ठिकाणी असणार?" व्यंकटरावांनी डोळे पुसले आणि त्याच झटक्यात गाडी बाहेर काढली, कारण ठरावाप्रमाणं ती आता आप्पांच्या दुकानासमोर जायची होती. तिघंही बसून गेले. सव्वापाच झाले होते.

कमलताई मागं राहिल्या. चप्पल घालता घालता त्यांनी मूठ उघडून दोरा माझ्या इतिवृत्ताच्या वहीवर ठेवला.

"निसटलेली नळी बांधून ठेवलेली नसते, साहेब."

मी दोऱ्यासकट वही मिटली.

"पुढच्या गुरुवारी त्या एकतीस बायका परत येतील की नाही, मला माहीत नाही. मला उद्या डॉक्टरसाहेबांना लेखी द्यायचंय, डोस कसे वाया गेले ते. मी वाहनातील बिघाड असं लिहिणार आहे." त्या फाटकापर्यंत गेल्या आणि वळल्या. "संध्याकाळी चहाला या, एवढं म्हणायला काय झालं होतं हो तुम्हाला?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं असं नाही. साडेपाच वाजता मिळालं, पण तोवर फाटक लागलं होतं. ट्रंकेतले कप मी धुतले, पुसले आणि परत ट्रंकेत ठेवले.

तेव्हा शेवटचा गोषवारा असा. आप्पांनी काही भरलं नाही. गाडी दुकानासमोर, खट् चालू. व्यंकटरावांनी काही भरलं नाही. किल्ली त्यांच्या करदोट्याला. सरांनी काच भरली. तसली काच मिळेना म्हणून पत्रा ठोकला, आणि ते त्या बाजूला जग नसल्यासारखे बसतात. कमलताईंना मेमो मिळाला. त्यांच्या सेवापुस्तकात माझा बिघाड त्यांच्या नावावर चढलाय. माझ्या रोजच्या संध्याकाळी गेल्या. त्या माझ्या नव्हत्याच, तेव्हा ती रक्कम मी धरत नाही. उरल्या खडकेवाडीच्या एकतीस जणी: पोर खांद्यावर, उन्हातून दोन मैल यायचे, दोन जायचे, एका दिवसाची मजुरी बुडवून. पुढच्या गुरुवारी त्यातल्या एकोणीस आल्या. सिताबाई आली नव्हती. गाडी घेताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या नावावर गाडीचं एकही दार नव्हतं.